कौन्सिलचा फ्लॅट कौन्सिललाच परत विकायचा असेल तर

इंग्लंडमधल्या कौन्सिल इस्टेटवरचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकेने (कौन्सिलने) भाड्याने द्यायला बांधलेल्या वसाहतीतला, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या मालकीचा) फ्लॅट विकायला काढला की सहसा इस्टेट एजंटाकडे धाव घेतली जाते. पण एक गिऱ्हाईक एजंटाशिवायही गाठता येतं: ज्या कौन्सिलने तो फ्लॅट कधीकाळी विकला, तीच. आपल्यातल्या अनेकांनी इंग्लंडमध्ये पहिलं घर म्हणून असे 'एक्स-कौन्सिल' फ्लॅट घेतले. शेजारच्या खासगी इमारतीपेक्षा स्वस्त, आणि खोल्या ऐसपैस. आता कुणाला मोठं घर हवंय, कुणी पुण्याला परतून फ्लॅट भाड्याने दिलाय, कुणाच्या दारावर पुनर्विकासाची नोटीस लागली आहे.

या सगळ्यांचा पहिला प्रश्न 'कौन्सिल घेईल का?' हाच असतो. तो अपुरा आहे. कौन्सिल कोणत्या नात्याने घेणार आहे, हे आधी ठरवा. कायद्याने पहिला हक्क आहे म्हणून, तिला घरं कमी पडताहेत म्हणून, की इमारत पाडायची आहे म्हणून? तिन्ही ठिकाणी कौन्सिल तीच असली तरी किंमत, खर्च आणि तुमची ताकद वेगवेगळी असते. हे न ठरवता पहिली ईमेल टाकणारे नंतर रडतात.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. कौन्सिलच्या भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेऊ देणारी 'राइट टू बाय' योजना स्कॉटलंडमध्ये १ ऑगस्ट २०१६ला आणि वेल्समध्ये २६ जानेवारी २०१९ला बंद झाली. तिथले नियम निराळे.

आधी कागद काढा

एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून तुमच्या फ्लॅटचं टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीचा नोंदउतारा, उतरवून घ्या. त्याला ७ पौंड लागतात. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी दुकानं त्याच कागदाचे कितीतरी जास्त पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट बघा. सोबत मूळ लीजची प्रतही मागवा. या दोन कागदांत चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, लीज कधी सुरू झाली. १९८०च्या हाउसिंग ॲक्टने थॅचर सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. फ्लॅट असेल तर तो बहुतेक वेळा १२५ वर्षांच्या लीजवर मिळायचा, ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं नाममात्र भाडं, वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड. पण ही १२५ वर्षं तुमच्या फ्लॅटच्या विक्रीपासूनच मोजली असतील असं धरून चालू नका. इमारतीतला एखादा फ्लॅट आधी विकला गेला असेल तर नंतरच्या फ्लॅटची लीजही त्याच तारखेला संपेल अशी करून घ्यायची मुभा कौन्सिलला होती. म्हणजे २००८ साली विकलेल्या फ्लॅटची लीज १९८३पासून मोजलेली असू शकते आणि ती २१०८ला संपते. ८० वर्षांचा उंबरठा किती जवळ आलाय हे अशा वेळी लक्षात येतं. तो का महत्त्वाचा, ते किमतीच्या भागात.

दुसरी, रजिस्टरमध्ये हाउसिंग ॲक्ट १९८५च्या कलम १५६एचं बंधन नोंदलेलं आहे का. असेल तर कौन्सिलला पहिला हक्क आहे. तिसरी, सवलतीच्या परतफेडीसाठी कौन्सिलचा बोजा बाकी आहे का. चौथी गोष्ट साधी वाटते पण परतलेल्या लोकांना तीच नडते: रजिस्टरवर तुमचा पत्ता कोणता आहे? पुष्कळांचा पत्ता अजून तोच लंडनचा फ्लॅट असतो. कायदेशीर नोटिसा तिथे जातात, भाडेकरू त्या टीव्हीमागे ठेवून देतो. रजिस्टरवर तीन पत्ते देता येतात, त्यातला एक ईमेल असू शकतो आणि एक परदेशातला. हे काम आजच करा, फ्लॅट विकायचा असो वा नसो.

वाट पहिली: पहिल्या हक्काचा नियम

१८ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर राइट टू बायचा अर्ज केलेलं घर विक्रीपासून दहा वर्षांच्या आत पुन्हा विकायचं असेल, तर ते आधी जुन्या घरमालकाला, म्हणजे कौन्सिलला, बाजारभावाने देऊ करावं लागतं. हे बंधन मूळ भाडेकरूवर संपत नाही. दहा वर्षांच्या आत त्याच्याकडून तुम्ही घेतलं असेल तर ते तुमच्याही गळ्यात आहे. नवऱ्याकडून बायकोकडे घटस्फोटात गेलेलं घर, वारसाहक्काने आलेलं घर, किंवा वर्षभर सोबत राहिलेल्या कुटुंबीयाला दिलेलं घर, असे काही व्यवहार यातून सुटतात.

पद्धत अशी. कौन्सिलला लेखी 'ऑफर नोटीस' द्यायची. त्यात फ्लॅटचा पत्ता, किती बेडरूम, हीटिंग कोणतं, घेतल्यापासून काय सुधारणा केल्या आणि उत्तर कुठे पाठवायचं, हे सगळं यायला हवं. नोटीस पोचली की कौन्सिलकडे ८ आठवडे असतात. त्या काळात ती स्वतः घेऊ शकते, भागातल्या दुसऱ्या सामाजिक गृहसंस्थेचं नाव सुचवू शकते, किंवा नको म्हणू शकते. ८ आठवडे उलटले आणि उत्तर आलं नाही, तर तुम्ही बाजारात मोकळे. मात्र त्यानंतर बारा महिन्यांत विक्री झाली नाही तर पुन्हा विचारावं लागतं. कौन्सिलने होकार दिला तर करार करायलाही तिला मुदत असते: साधारण १२ आठवडे, किंवा तुम्ही 'आम्ही तयार आहोत' असं लेखी कळवल्यावर ४ आठवडे, यातली नंतरची.

किमतीवर एकमत झालं नाही तर डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअर, म्हणजे सरकारी मूल्यमापक, ती ठरवतो. हे कलम विक्रेत्याच्या फायद्याचं आहे. कौन्सिलच्या पहिल्याच आकड्याला मान डोलावायची गरज नाही.

आता सवलतीचा हिशोब, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. खरेदीनंतर पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत करावी लागते: पहिल्या वर्षात सगळी, दुसऱ्यात ८० टक्के, मग ६०, ४० आणि पाचव्यात २०. पण ती मूळ रकमेवर नाही, विकतानाच्या किमतीच्या तितक्याच टक्क्यांवर मोजतात. समजा ३,००,००० पौंडांचा फ्लॅट ६०,००० सवलतीने मिळाला, म्हणजे २० टक्के. तिसऱ्या वर्षात तो ३,५०,०००ला विकला. २० टक्के झाले ७०,००० आणि त्याचे ६० टक्के म्हणजे ४२,००० पौंड परत. तुम्ही स्वतः केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत यातून वगळली जाते, म्हणून नव्या स्वयंपाकघराची बिलं जपून ठेवा.

म्हाडाच्या सोडतीतल्या घराची पाच वर्षांची अट माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की तिथे विक्रीलाच आडकाठी, इथे विका पण हिस्सा द्या.

वाट दुसरी: राजीखुशीची खरेदी

दहा वर्षं उलटली असतील, किंवा फ्लॅट १९९०च्या दशकातच कौन्सिलकडून गेला असेल, तर कौन्सिलवर कसलंही बंधन नाही. पण घरं विकत घ्यायचा अधिकार तिला आहे. वर्षानुवर्षं विकलेली घरं आज अनेक कौन्सिल परत घेतायत, कारण बेघर कुटुंबांना तात्पुरत्या निवासात ठेवण्याचा खर्च त्यांना झेपत नाही. लंडनमध्ये महापौर सादिक खान यांनी २०२१मध्ये यासाठी 'राइट टू बाय-बॅक' नावाचा निधी सुरू केला. त्याची जागा पुढे 'कौन्सिल होम्स ॲक्विझिशन प्रोग्रॅम'ने घेतली.

सुरुवात कौन्सिलच्या संकेतस्थळावर 'बायबॅक' (परतखरेदी) शोधण्यापासून करा. फॉर्म सापडला नाही तर होम ओनरशिप किंवा लीजहोल्ड विभागाला लिहा. सर्व्हिस चार्जची, म्हणजे इमारतीच्या देखभालखर्चातल्या तुमच्या हिश्श्याची, बिलं पाठवणारी मंडळी तीच. पहिल्या पत्रात पत्ता, मजला, बेडरूम, लीजची उरलेली वर्षं, फ्लॅट रिकामा की भाडेकरूसह आणि तुमची अपेक्षा एवढंच पुरे. तुम्हाला किती घाई आहे हे लिहू नका.

कौन्सिलला बहुतेक वेळा मोठी घरं हवी असतात. तीन बेडरूमच्या फ्लॅटला जे स्वागत मिळतं ते स्टुडिओला मिळत नाही. फ्लॅट तिच्याच इस्टेटवर असेल आणि बाकीची इमारत तिच्याकडेच असेल तर आणखी चांगलं. आणि घर बहुतेकदा रिकामं हवं असतं. भाडेकरू असेल तर हा भाग हलक्यात घेऊ नका. १ मे २०२६पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामं करून घेण्याची जुनी 'सेक्शन २१' नोटीस संपते. विक्रीच्या कारणाने रिकामं करून घ्यायचं तर चार महिन्यांची नोटीस लागते, ती भाडेकराराच्या पहिल्या वर्षात लागू करता येत नाही, आणि विक्री फसली तरी त्यानंतर बारा महिने घर पुन्हा भाड्याने देता येत नाही. म्हणून कौन्सिलचा 'बघू' ऐकून भाडेकरूला नोटीस देऊ नका. लेखी ऑफर हातात आल्यावर द्या, आणि रिकामा फ्लॅट कधीपर्यंत चालेल हे त्याच ऑफरमध्ये लिहून घ्या. काही कौन्सिल भाडेकरूसह घ्यायला तयार होतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

या वाटेचा फायदा स्पष्ट आहे. एजंटाचं कमिशन नाही, गिऱ्हाइकाच्या कर्जमंजुरीची धाकधूक नाही, आणि त्याचं स्वतःचं घर विकलं न गेल्यामुळे साखळी तुटण्याची भीतीही नाही. उंच इमारतीतल्या फ्लॅटला तर हा फायदा आणखी मोठा. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, म्हणजे जून २०१७नंतर, बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचे (क्लॅडिंगचे) कागद नसतील तर अनेक बँका कर्ज देईनात. काँक्रीटचे तयार पॅनेल जोडून साठच्या दशकात बांधलेल्या मनोऱ्यांबद्दल तर त्या आधीपासूनच साशंक होत्या. न्यूहॅममधला रोनन पॉइंट मे १९६८मध्ये गॅसच्या स्फोटाने कोपऱ्यातून ढासळला, तो याच पद्धतीचा. अशा इमारतीत रोख पैसे देणारा गंभीर ग्राहक कधीकधी फक्त कौन्सिल उरते. आणि हे तिलाही माहीत असतं.

तोटा? वेग. एका अधिकाऱ्याचा होकार म्हणजे कौन्सिलचा होकार नव्हे. व्हॅल्युएशन, पाहणी, अर्थविभाग, मंजुरी, मग वकील. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आपल्याकडच्यासारखंच, आणि निधी संपला की फाइल नव्या वर्षात सरकते. करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, म्हणून त्याआधी पुढच्या घराचं डिपॉझिट भरू नका.

किंमत: इथे वेळ घालवा

कौन्सिल स्वतःचा सर्व्हेयर पाठवते. तुम्हीही तुमचा ठेवा, आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेकडे नोंदणीकृत, त्याच भागात काम करणारा. काही शे पौंडांची ही फी वाचवण्यात शहाणपण नाही. आणि नुसतं 'व्हॅल्युएशन करा' म्हणू नका. कौन्सिल परत घेतेय, बाजारभाव हवाय आणि लीज अमुक वर्षांची आहे, हे त्याला लेखी कळवा.

तुमचा गृहपाठ मोफत होतो. लँड रजिस्ट्रीकडे प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींची नोंद उघड असते. इंटरनेटवरच्या जाहिरातीतले आकडे मागणीचे असतात, विक्रीचे नव्हेत. त्याच ब्लॉकमधले मागच्या वर्ष-दोन वर्षांतले व्यवहार काढा आणि प्रत्येकासमोर मजला, आकार, लीजची उरलेली वर्षं लिहा. कौन्सिलच्या सर्व्हेयरने लिलावात गेलेला किंवा पासष्ट वर्षांची लीज उरलेला फ्लॅट तुलनेला घेतला असेल तर तिथेच बोट ठेवता येतं.

आता ८० वर्षांचा मुद्दा. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवताना घरमालकाला 'मॅरेज व्हॅल्यू'चा, म्हणजे लीज वाढल्याने वाढणाऱ्या किमतीचा, अर्धा वाटा द्यावा लागतो. त्यामुळे अशा फ्लॅटची बाजारकिंमत घसरते. पण इथे ग्राहकच घरमालक आहे. तुमची लीज कौन्सिलकडे गेली की ती तिच्या फ्रीहोल्डमध्ये, म्हणजे कायमच्या मूळ मालकीत, विरून जाते, आणि तिच्या हातात संपूर्ण घर येतं. तुमच्या ७६ वर्षांच्या लीजची किंमत कापून घेऊन ती वाढीव फायदा एकटी खाणार असेल तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. लीज ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा तुमचा कायदेशीर हक्क आहे, आणि ३१ जानेवारी २०२५पासून त्यासाठी दोन वर्षं मालकीची अटही राहिलेली नाही. २०२४च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यात मॅरेज व्हॅल्यूच काढून टाकण्याची तरतूद आहे, पण तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. ऑफर आली त्या दिवशी कोणतं कलम लागू आहे, ते सॉलिसिटरकडून नक्की करून घ्या.

दुसरी कात्री सर्व्हिस चार्जची. छत, लिफ्ट, खिडक्या अशी मोठी कामं झाली किंवा व्हायची असली की लीजधारकांना हजारो पौंडांची बिलं येतात, आणि विक्रीच्या दिवशी बाकी रक्कम किमतीतून वळती होते. ती डोळे झाकून कापू देऊ नका. एखाद्या कामाचा प्रत्येकी हिस्सा २५० पौंडांपेक्षा जास्त जाणार असेल तर आधी सल्लामसलत बंधनकारक आहे. आणि खर्च झाल्यापासून अठरा महिन्यांत मागणी किंवा लेखी कल्पना दिली नसेल तर ती रक्कम सहसा वसूल होत नाही. मूळ राइट टू बाय खरेदीला पाच वर्षं झाली नसतील तर विक्रीवेळच्या नोटिशीत दिलेल्या अंदाजाचीही मर्यादा असते. शिवाय सर्व्हिस चार्ज आधी अंदाजे घेतात आणि प्रत्यक्ष हिशोब महिन्यांनी करतात. म्हणून करारात 'यानंतर कोणतीही बाकी निघणार नाही' असं वाक्य मागा. कौन्सिल हिशोबही करणारी आणि पैसेही देणारी असल्यामुळे तिला हे मान्य करणं कठीण नसतं.

वाट तिसरी: इमारत पाडायची असते तेव्हा

इथे तुम्ही विकायला निघालेले नसता, तुमच्याकडून घेतलं जाणार असतं. म्हणून कायदाही तुमच्याकडे जास्त झुकतो. फक्त मागावं लागतं.

कौन्सिल आधी सामोपचाराने खरेदीचा प्रस्ताव देते. मागे सक्तीच्या खरेदी आदेशाची, म्हणजे सीपीओची, सावली असते. किंमत योजनाच नसती तर काय मिळाली असती, त्या हिशोबाने ठरते. पाडकामाच्या बातमीने इस्टेट ओसाड पडली, भाव उतरले, ही घसरण तुमच्या माथी मारता येत नाही. त्यावर, तुम्ही किमान वर्षभर स्वतः तिथे राहत असाल तर किमतीच्या १० टक्के 'होम लॉस पेमेंट' मिळतं. त्याची कमाल-किमान मर्यादा सरकार बहुधा दरवर्षी बदलतं. घर भाड्याने देऊन तुम्ही नाशिकला असाल तर हे मिळत नाही. त्याऐवजी ७.५ टक्के 'बेसिक लॉस पेमेंट' मिळतं, कमाल ७५,००० पौंड. शिवाय सर्व्हेयर आणि सॉलिसिटरची वाजवी फी, सामान हलवण्याचा खर्च, नव्या घरावरची स्टँप ड्यूटी असे खर्च वेगळे मागता येतात. भाड्याने दिलेल्या घराच्या मालकालाही वर्षभरात पर्यायी मालमत्ता घेतली तर तिचा खरेदीखर्च मागता येतो.

सीपीओ निघण्याआधीच विकत असाल तर ही जादा देणी आपोआप मिळतील असं समजू नका. 'सीपीओ असता तर मिळालं असतं ते सगळं' अशा शब्दांत लेखी कबुली घ्या. फी देण्याचं वचनही काम सुरू होण्याआधी कागदावर हवं.

पैसे घेऊन बाहेर पडणं हा एकच पर्याय नसतो. नव्या इमारतीत शेअर्ड इक्विटी किंवा शेअर्ड ओनरशिपचा, म्हणजे अंशतः मालकीचा, फ्लॅट देऊ केला जातो. जुन्या फ्लॅटच्या किमतीत त्या भागात दुसरं काहीच येत नसेल तर तो नीट तपासा. साउथवर्कच्या एल्सबरी इस्टेटवर हाच वाद पेटला. सप्टेंबर २०१६मध्ये तेव्हाचे मंत्री साजिद जाविद यांनी सीपीओ नाकारला, तो लीजधारकांच्या घराच्या हक्काचा विचार करून. तो निर्णय टिकला नाही, पुन्हा चौकशी झाली आणि २०१८मध्ये आदेश मंजूर झाला. पण मधल्या काळात तिथल्या लीजधारकांसाठीच्या पर्यायांवर पुन्हा चर्चा झाली. इस्टेटवरचे लीजधारक एकत्र राहिले तर काय होतं ते इथे दिसतं. लंडनमध्ये महापौरांचा निधी वापरून पाडकाम असेल तर २०१८पासून रहिवाशांचं मतदान लागतं, आणि वर्षभर राहणाऱ्या लीजधारकालाही त्यात मत असतं.

भरपाईवर तोडगा निघालाच नाही तर प्रकरण अप्पर ट्रायब्युनलच्या लँड्स चेंबरकडे जातं. बहुतेक वाद त्याआधी मिटतात, कारण दोघांनाही वकिलांचा खर्च परवडत नाही. त्याआधी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस, म्हणजे 'लीज', या सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेचा मोफत सल्ला घ्या.

वकील, नावं आणि भारतातली सही

कौन्सिलचे वकील कौन्सिलचे. तुमचा सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर वेगळाच असू द्या, आणि लीजहोल्ड कामाचा अनुभव विचारून घ्या. कर्ज असेल तर बँकेकडून फेडीचा आकडा आणि मुदतपूर्व फेडीचा दंड आधी मागवा.

आपल्याकडे नावांचा घोळ हमखास होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, टायटलवर नाही. बायकोचं टायटलवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला आणि नावबदलाचे कागद सुरुवातीलाच सॉलिसिटरला पाठवा. भारतातून मुखत्यारपत्र करायचं असेल तर त्याचा मसुदा इंग्लंडच्या सॉलिसिटरकडूनच घ्या. गावातल्या नोटरीचा तयार छापील नमुना तिथे चालत नाही. सही कोणासमोर, ॲपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) लागेल का, हेही त्यालाच विचारा. टायटलवरचा मालक वारला असेल तर इंग्लंडमधलं प्रोबेट, म्हणजे त्याची मालमत्ता हाताळण्याची कोर्टाची परवानगी, लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

पैसे खात्यात आल्यावर

स्वतःचं एकमेव राहतं घर असेल तर बहुधा कॅपिटल गेन्स कर लागत नाही. भाड्याने दिलेलं असेल आणि कर निघत असेल तर व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटिश करखात्याला, कळवून कर भरायचा. तुम्ही यूकेचे रहिवासी नसाल तर कर शून्य निघाला तरी कळवावंच लागतं. भारतात रहिवासी झाला असाल तर नफा भारतातल्या रिटर्नमध्येही येऊ शकतो. दुहेरी कर टाळण्याच्या कराराने तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण परदेशी मालमत्तेचा तक्ता आधीपासून भरलेला असायला हवा. परदेशात राहत असताना घेतलेल्या घराचे पैसे फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांप्रमाणे बाहेर ठेवता येतात. सगळे लगेच आणायची सक्ती नाही. हा भाग विक्रीआधी दोन्हीकडच्या सीएशी बोलून घ्या, नंतर नाही.

युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की १६,००० पौंडांच्या वर बचत झाली की तो भत्ता थांबतो. पैसे नव्या घरासाठीच असतील तर साधारण सहा महिने ते धरले जात नाहीत, पण हेतू कागदावर दिसला पाहिजे. आणि कौन्सिलला विकून त्याच फ्लॅटमध्ये भाडेकरू म्हणून राहू, असं कुणी मनात धरलं असेल तर ते आधी लेखी विचारा. एरवी घर स्वतःहून सोडणाऱ्याला कौन्सिल पुढे 'जाणूनबुजून बेघर' ठरवू शकते.

शेवटची कामं त्याच दिवशी उरकतात: मीटरच्या आकड्यांचे फोटो, कौन्सिल टॅक्स बंद करणं, आतल्या सामानाचा विमा रद्द करणं. सर्व्हिस चार्जची डायरेक्ट डेबिट मात्र अंतिम हिशोबाचं पत्र हातात आल्याशिवाय थांबवू नका, नाहीतर हप्ता चुकल्याचं स्मरणपत्र नव्या पत्त्यावर येतं. चाव्या इस्टेट ऑफिसात देताना पावती घ्या, कॉमन दरवाज्याच्या फॉबची (इलेक्ट्रॉनिक चावीची) संख्या त्यावर लिहून.